बोटांतला गळा : जेफ बेक आणि त्याची गिटार

१९६५ सालचा वसंत. लंडनच्या एका स्टुडिओत यार्डबर्ड्स नावाचा बँड 'हार्ट फुल ऑफ सोल' हे नवं गाणं ध्वनिमुद्रित करत होता. गाण्याच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या वळणाची एक छोटी सुरावट होती, आणि तिच्यासाठी खास सतारवादक बोलावला होता. सोबत तबलाही होता. वादन झालं, टेपवर आलं, पण बँडच्या दणक्यात सतार फारच बारीक पडत होती. तेव्हा बँडमध्ये नुकताच आलेला वीस वर्षांचा गिटारवादक पुढे झाला. आवाजाला खरखरीत धार आणणारं फझ नावाचं छोटं यंत्र त्याने गिटारला जोडलं आणि तारा ओढत ओढत तीच सुरावट वाजवली. रेकॉर्डवर तीच राहिली आणि गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार ऐकू यायला अजून काही महिने होते.

त्या मुलाचं नाव जेफ बेक. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ तो वाजवत राहिला, आणि त्यातला मोठा भाग गायकाशिवाय. रॉकमध्ये कुणीतरी माइकसमोर उभं राहून गाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. अशा जगात बेकने आठ ग्रॅमी मिळवली, तीही मुख्यतः शब्दाविना वाजवलेल्या संगीतासाठी.

शब्दाविना रॉक, म्हणजेच इन्स्ट्रुमेंटल रॉक, म्हटलं की बहुतेकांच्या मनात वेग येतो. कोण सेकंदाला किती स्वर वाजवतो त्याची शर्यत. त्या कानाने बेककडे गेलात तर हाती फारसं लागणार नाही. मला तो गवई वाटतो. गळ्याच्या जागी त्याच्याकडे गिटार होती, इतकंच. उस्ताद विलायत खाँ सतारीवर जे गायकी अंग वाजवत, ते ऐकलेल्या माणसाला बेक लवकर उमगतो, कारण त्याला काय ऐकायचं हे आधीच ठाऊक असतं. पण गिटारवर हे करणं इतकं अवघड का, ते समजायला वाद्याच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

गिटारची अडचण

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या पडद्यांची ही भावंडंच. शेजारच्या दोन फ्रेटांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर. दर फ्रेटला तारेची कंपनसंख्या साधारण ५.९ टक्क्यांनी वाढते आणि बाराव्या फ्रेटवर ती बरोबर दुप्पट होते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. सगळे स्वर ठरलेल्या जागी असतात आणि दोन स्वरांमधली वाट बंद असते. हार्मोनियमची जी अडचण, तीच थोडी सौम्य होऊन इथे येते. गळ्याला अशी कुठलीच पट्टी नसते. गवई सा वरून रे वर जाताना मधल्या प्रत्येक बिंदूला स्पर्श करत जाऊ शकतो.

यावर जुना उपाय आहे तो तार बाजूला ओढण्याचा. सतारिये मींड तशीच काढतात, गिटारवालेही. पण तार ओढली की ताण वाढतो, आणि ताण वाढला की सूर वर चढतो. खाली उतरायचं असेल तर आधी ओढून ठेवलेली तार सैल सोडायची, एवढीच सोय.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. तार छेडली की आवाज त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो आणि मग विरत जातो. माणूस गातो तेव्हा बहुतेकदा याच्या उलट घडतं. सूर हळूच लागतो, भरत जातो, टिकतो, मग सुटतो. म्हणून गाण्याची चाल जशीच्या तशी गिटारवर वाजवली तरी ती गायल्यासारखी वाटत नाही. ती टपटप पडत राहते.

तिसरी अडचण शब्दांची. शब्द ऐकणाऱ्याला धरून ठेवतात. दुसरं कडवं पहिल्याच चालीवर असलं तरी चालतं, कारण गोष्ट पुढे सरकलेली असते. शब्द काढले की प्रत्येक फेरीला सुरानेच काहीतरी नवं सांगावं लागतं.

विजेच्या गिटारने या अडचणी थोड्या सैल केल्या. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे ढकललं तर तो आवाजाचे शेंडे छाटतो. त्याने आवाज खरखरीत होतो, आणि मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी होऊन सूर लांबतो. छेडलेल्या तारेला असा दम मिळाला. पण ठरलेल्या फ्रेटांचा आणि छेडण्याच्या ठोक्याचा प्रश्न तसाच राहिला. बेकचं आयुष्य त्याच्या मागे गेलं असं मला वाटतं.

गायकांच्या सोबतीतली वर्षं

बेकचा जन्म २४ जून १९४४ चा, लंडनच्या दक्षिणेला सरी परगण्यातल्या वॉलिंग्टनचा. लहान असताना रेडिओवर लेस पॉल यांची गिटार ऐकून त्याने आईला हे काय आहे असं विचारलं. ती विजेची गिटार आहे आणि त्यात नुसत्या युक्त्या आहेत, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. मुलाला नेमकं तेच आवडलं. पुढे त्याने सिगारच्या खोक्यांपासून स्वतःच गिटार बनवायचा प्रयत्न केला. चर्चच्या गायनवृंदातही तो काही काळ गात होता. बहिणीमुळे त्याची ओळख जिमी पेज नावाच्या, गिटारने तसाच झपाटलेल्या मुलाशी झाली. मार्च १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने यार्डबर्ड्स सोडला तेव्हा ती जागा आधी पेजलाच देऊ केली होती. त्याने बेकचं नाव सुचवलं. हाच पेज पुढे लेड झेपलिन या बँडचा पेज झाला.

यार्डबर्ड्समध्ये बेक दीड वर्षाच्या आसपास टिकला. पण १९६७ मधल्या त्याच्या एका रेकॉर्डकडे पाहा, पुढचं सगळं तिथे दिसतं. एका बाजूला 'हाय हो सिल्व्हर लायनिंग' हे गाणं आहे. निर्माता मिकी मोस्टने ते चक्क बेककडून गाऊन घेतलं. गाणं ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढची कित्येक वर्षं समारंभांत वाजत राहिलं आणि बेकला मात्र आयुष्यभर नकोसं झालं. तबकडीच्या मागच्या बाजूला 'बेक्स बोलेरो' आहे. त्यात गायन नाही. ते मे १९६६ मध्ये मुद्रित झालं होतं आणि त्या दिवशी स्टुडिओत पेज, जॉन पॉल जोन्स, पियानोवर निकी हॉपकिन्स आणि ड्रमवर 'द हू' या बँडचा कीथ मून होता. मला दोन्ही बाजू लागोपाठ ऐकायला आवडतात. पुढच्या बाजूला एक माणूस नाइलाजाने गातो, मागच्या बाजूला तोच मनापासून गातो.

मग त्याने स्वतःचा बँड काढला आणि गायक म्हणून घेतला रॉड स्ट्युअर्ट, जो तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. बेसवर रॉनी वुड. १९६८ चा 'ट्रूथ' हा त्यांचा अल्बम आजही दणकट वाटतो. त्यात स्ट्युअर्ट एक ओळ गातो आणि गिटार तिला उलट उत्तर देते, जणू दोन गायकांची जुगलबंदी. पण बेकला माणसं सांभाळता आली नाहीत. १९६९ च्या उन्हाळ्यात, वुडस्टॉकच्या महोत्सवात वाजवायचं ठरलेलं असताना, काही आठवडे आधी बँड फुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस मोटार अपघातात त्याची कवटी फुटली आणि बराच काळ विश्रांतीत गेला.

सत्तरच्या दशकाची पहिली काही वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यातलं संगीत कमी आणि बँडची मोडतोड जास्त आहे. एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १९७२ मध्ये बेक अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरच्या स्टुडिओत होता. तिथे बेकने ड्रमवर धरलेल्या ठेक्यावरून 'सुपरस्टिशन' हे गाणं आकाराला आलं, आणि ते बेकला मिळणार होतं. ते इतकं चांगलं निघालं की वंडरची रेकॉर्ड कंपनी ते सोडायला तयार झाली नाही. वंडरचं आधी बाजारात आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. बेकच्या वाट्याला नंतरचं, कमी लक्षात राहिलेलं ध्वनिमुद्रण आलं.

गायक बाजूला झाला

या सगळ्यात बेकच्या कानावर जॉन मॅक्लॉफ्लिन आणि त्यांची महाविष्णू ऑर्केस्ट्रा पडली. यॉर्कशरच्या या गिटारवादकाने जॅझ, रॉक आणि भारतीय तालांची गुंफण करून असं संगीत उभं केलं होतं, ज्यात गायकाची उणीव कुणाला भासतच नव्हती. बेकने तेच धाडस करायचं ठरवलं. निर्माता मिळाला जॉर्ज मार्टिन, बीटल्सचा. ऑक्टोबर १९७४ मध्ये लंडनच्या एअर स्टुडिओत काम सुरू झालं आणि १९७५ मध्ये 'ब्लो बाय ब्लो' बाहेर आला. अमेरिकेच्या अल्बम यादीत तो चौथ्या क्रमांकावर पोचला. एकाही ओळीचं गायन नसलेल्या रॉक अल्बमसाठी ही अचाट गोष्ट होती.

बेक आपल्या वादनावर कधीच खूश नसे. सांगतात की तो मार्टिनना फोन करून अमुक तुकडा पुन्हा वाजवू दे म्हणत राही. शेवटी मार्टिनना सांगावं लागलं की रेकॉर्ड दुकानात पोचलीसुद्धा.

या अल्बममधलं 'कॉज वुई हॅव एंडेड अॅज लव्हर्स' जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. चाल स्टीव्ही वंडरची. आधी ती सिरीटा या गायिकेने शब्दांसह गायली होती. शब्द गेले आणि मग बेककडे काय उरलं? सुरुवातीचे सूर कुठून येतात तेच कळत नाही. ठोका ऐकू येत नाही, सूर धुक्यातून वर आल्यासारखा भरत येतो. युक्ती अशी, की आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडायची आणि लगेच बटण उघडत न्यायचं. छेडण्याचा खटका गिळला जातो आणि राहतो तो नुसता सूर. व्हायोलिनच्या गजाने लागावा तसा, किंवा एखाद्याने 'आ' लावावा तसा. ही युक्ती बेकची एकट्याची नव्हती. अमेरिकन गिटारवादक रॉय ब्युकॅनन तिच्यात वाकबगार होते, आणि बेकने हे वादन त्यांनाच अर्पण केलं आहे. गिटारच्या दुसऱ्या अडचणीवर उत्तर असं सापडलं.

पुढच्याच वर्षीच्या 'वायर्ड' अल्बमवर महाविष्णूतलाच यान हॅमर होता. त्याच्या सिंथेसायझरला सूर वाकवणारं छोटं चाक होतं आणि ते फिरवत तो कीबोर्डवरून मींडा काढत असे. त्याच्यासोबत वाजवताना बेकचं वाजवणंही बदलत गेलं. पट्टीने बांधलेल्या वाद्यातूनही सूर मोकळा करता येतो, हे रोज समोर दिसत होतं.

दांडी, करंगळी आणि अंगठा

आता पहिल्या अडचणीकडे येऊ. बेक पुढे कायमचा स्ट्रॅटोकास्टरवर स्थिरावला. लिओ फेंडरच्या कंपनीने ही गिटार १९५४ मध्ये आणली. तिच्यात तारा जिथे अंगाशी जखडलेल्या असतात तो तुकडा, म्हणजे ब्रिज, पक्का बसवलेला नसतो. पुढून तारा त्याला ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि तो दोघांच्या मध्ये तोललेला राहतो. त्यातून एक दांडी बाहेर येते, व्हॅमी बार. दांडी दाबली की तारा सैलावतात आणि सूर उतरतो. ब्रिज थोडा उचलून ठेवला असेल तर दांडी वर ओढून सूर चढवताही येतो. तार बाजूला ओढण्यात जी एकाच दिशेची मर्यादा होती, ती इथे संपते.

दांडी बाकीच्यांकडेही होती. बहुतेक जण ती सूर थरथरवायला किंवा विमान कोसळल्यासारखा आवाज काढायला वापरत. बेकने तिच्यावर चाली वाजवल्या. सूर किंचित खालून लावायचा, वर आणायचा, तिथे हलकं आंदोलन द्यायचं, उतरताना मधेच कण घ्यायचा, हे सगळं दांडीवर. हे किती कठीण आहे ते कळायला एक गोष्ट लक्षात घ्या. दांडी एकाच हालचालीत सगळ्या तारा हलवते, पण जाडीप्रमाणे आणि ताणाप्रमाणे प्रत्येक तारेचा सूर वेगवेगळा सरकतो. दांडीवर खुणा नाहीत. इतकी दाबली की इतका स्वर, असा हिशेब डोळ्यांना मिळत नाही. सगळं कानावर. सारंगिया ज्या भरवशावर वाजवतो, त्याच भरवशावर.

ऐंशीच्या दशकात त्याने प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, सोडून दिली. अंगठ्याने आणि बोटांनी वाजवू लागला. वरवर पाहता छोटा बदल, पण त्याने उजवा हात मोकळा झाला. अंगठा तार छेडतोय, दांडी बोटांच्या आड धरलेली आहे आणि करंगळी आवाजाच्या बटणावर आहे, कारण स्ट्रॅटोकास्टरवर ते बटण तारांच्या अगदी जवळ असतं. अंगठ्याचं मांस तारेला लागलं की सूर मऊ निघतो, बोटाने ओढून सोडली की ती कडाडते. सुराची सुरुवात, त्याचं भरणं, वळणं, विरणं, सगळं एका हाताच्या तळव्याएवढ्या जागेत आलं. डावा हात स्वराची जागा दाखवतो आणि उजवा हात तो स्वर गातो, असं मी नवख्यांना सांगतो. त्याच्या मैफलीचं चित्रण पाहाल तेव्हा मानेवर धावणाऱ्या डाव्या हाताकडे बघू नका, उजव्या हाताकडे बघा.

१९८९ च्या 'गिटार शॉप' अल्बममधलं 'व्हेअर वेअर यू' हे या सगळ्याचं टोक आहे. प्रेरणा होती बल्गेरियातल्या स्त्रियांच्या गायनवृंदाची, ज्यांचे अंगावर काटा आणणारे स्वरमेळ त्या काळात पश्चिमेत गाजत होते. बेकने त्यासाठी हार्मोनिक वापरले. तार दाबायची नाही, ठरावीक बिंदूवर बोट नुसतं टेकवायचं आणि छेडायचं. अर्ध्यावर टेकवलं तर तार दोन समान भागांत थरथरते, एक तृतीयांशावर टेकवलं तर तीन भागांत, आणि बासरीसारखा स्वच्छ, उंच सूर निघतो. असे सूर मोजकेच मिळतात. शिवाय बोट तारेवर दाबलेलंच नसल्याने तार ओढून मींड काढायची सोय नाही. मग चाल बांधायची कशी? बेक एक हार्मोनिक छेडतो आणि पुढचे स्वर त्याच नादातून दांडीने काढतो. दर सुराआधी बटण बंद, मग हळूहळू उघडत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही गिटार आहे हेच मला पटत नव्हतं, आणि कसं केलं हे कळल्यावर ते जास्तच अद्भुत वाटलं.

बेकवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्याने स्वतः फार थोडं रचलं. खरं आहे. वंडर, जॅझमधला चार्ल्स मिंगस, बीटल्स, ऑपेराकार पुचिनी, ज्याची चाल आवडली ती त्याने घेतली. अल्बमांमध्ये वर्षानुवर्षांची अंतरं पडली, कारण ससेक्समधल्या घरी जुन्या मोटारी स्वतःच्या हाताने बांधण्यात तो तितकाच रमत असे. १९८५ च्या 'फ्लॅश'सारखे गायकांनी भरलेले, काळाच्या मागे धावणारे अल्बम मला आजही ऐकवत नाहीत. पण स्वतःचं रचलं नाही हा आक्षेप मला मान्य नाही. ख्यालगायकाला आपण विचारतो का, की ही बंदिश तुझी आहे का? ती शंभर जणांनी गायलेली असते. ऐकायचं असतं ते त्याने आज ती कशी मांडली. बेकने 'अ डे इन द लाइफ' वाजवलं तेव्हा लेननचे आणि मॅकार्टनीचे सगळ्यांना पाठ असलेले शब्द नव्हते. तरीही लेननच्या ओळी आणि मॅकार्टनीच्या ओळी दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात, कारण दोन्हींचा लगावच त्याने वेगळा ठेवलाय. त्या वादनाला २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं. पुढच्या वर्षी 'नेसुन दोर्मा'ला मिळालं, जे पुचिनीच्या ऑपेरातलं टेनर गायकाचं पद. मागे पूर्ण वाद्यवृंद आणि टेनरच्या जागी स्ट्रॅटोकास्टर.

सतारीपासून 'नादिया'पर्यंत

१९९९ मध्ये ब्रिटिश संगीतकार नितीन साहनी यांचा 'बियाँड स्किन' हा अल्बम आला. त्यात 'नादिया' हे गाणं आहे, स्वाती नाटेकर यांनी गायलेलं. हिंदुस्थानी वळणाचा गळा आणि खाली आधुनिक, धावता ठेका. बेकने हे गाणं घेतलं आणि २००१ च्या 'यू हॅड इट कमिंग' या अल्बमवर गायिकेची चाल गिटारवर वाजवली.

दोन्ही लागोपाठ ऐका, आधी नाटेकर, मग बेक. जिथे त्या स्वरावर येण्याआधी वरचा कण घेतात, तिथे तो गिटारवर आहे. जिथे मींड लांबते, तिथे ती त्याच संथपणे लांबते. रागसंगीताचा कान असलेल्याला काही मुरक्या जरा ढोबळ वाटतील, आणि गळ्यातला दाणेदारपणा गिटारला येत नाहीच. तरी हिंदुस्थानी संगीताची तालीम न घेतलेल्या एका इंग्रज रॉकवाल्याने गळ्याची इतकी बारीक नक्कल केलेली मी दुसरी ऐकलेली नाही. १९६५ मध्ये त्याने सतारीचा बाज उचलला होता, तोही रेकॉर्डला उठाव यावा म्हणून. पस्तीस वर्षांनी त्याने गाणारीचा श्वास उचलला. मधल्या काळात काय काय शिकला, ते या दोन तुकड्यांमधल्या अंतरात ऐकू येतं.

बेक शेवटपर्यंत दौरे करत होता. २०२२ मध्ये त्याचा शेवटचा अल्बम आला आणि १० जानेवारी २०२३ रोजी जिवाणूजन्य मेनिंजायटिसने, वयाच्या ७८ व्या वर्षी, तो गेला. दोन वर्षांनी लंडनला ख्रिस्टीज या लिलावघरात त्याच्या गिटारांचा लिलाव झाला. 'ब्लो बाय ब्लो'च्या मुखपृष्ठावर दिसणारी गडद तपकिरी-लाल 'लेस पॉल' गिटार (त्याच वादकाच्या नावाची) दहा लाख पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली.

नव्याने ऐकायला सुरुवात करणार असाल तर २००७ मधल्या, लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमधल्या मैफलीचं चित्रण घ्या. जागा लहान आहे, कॅमेरे जवळ आहेत आणि उजवा हात नीट दिसतो. त्यात 'एंजल' हे वादन आहे. शेवटाकडे बेक काचेची नळी बोटात घालून तारेवर सरकवत वर वर जातो. गिटारची मान संपते, शेवटचा फ्रेट मागे पडतो. पुढे फक्त पिकअप आहेत आणि त्यांच्यावरून गेलेल्या उघड्या तारा. तिथे कुठला स्वर कुठे आहे हे सांगणारी एकही रेघ नाही. तो नळी अलगद टेकवत जातो आणि प्रत्येक सूर जागेवर लागतो.